पराक्रम आणि त्याची नोंद

सामुराई म्हटला की धन्यासाठी प्राण देणारा निरिच्छ वीर डोळ्यांपुढे येतो. क्यूशू बेटावरील हिगो प्रांताच्या ताकेझाकी सुएनागाचे चरित्र या समजुतीला छेद देणारे आहे.

१२७४ साली मंगोल सैन्य हाकाता उपसागराच्या किनाऱ्यावर उतरले. तेव्हा जमिनीविना राहिलेला हा योद्धा अवघ्या चार स्वारांनिशी शत्रूवर चालून गेला. घोडा पडला, तोही जखमी झाला. शिराइशी मिचियासूची कुमक आली म्हणून वाचला. मात्र कामाकुराच्या लष्करी सत्तेकडे गेलेल्या अहवालात या चढाईची नोंदच नव्हती!

१२७५ साली घोडे व खोगीर विकून त्याने कामाकुरा गाठले. बक्षिसांचा अधिकारी आदाची यासुमोरी याच्यापुढे त्याने निक्षून सांगितले : साक्ष काढावी, दावा खोटा ठरल्यास माझे शिर घ्यावे. अखेर काइतो येथील महसुली कारभाराचे वतन त्याला मिळाले. १२८१ च्या दुसऱ्या स्वारीतही तो लढला आणि पुढे दोन्ही युद्धांची चित्रपट्टी त्याने काढवून घेतली.

त्याची मागणी लोभाची नव्हती. सेवेच्या बदल्यात जमीन हाच त्या राज्यव्यवस्थेचा करार होता. परंतु स्वसंरक्षणाच्या युद्धात जिंकलेली भूमी नसते, वाटायचे काय? असंख्य योद्धे कर्जात बुडाले. १२९७ च्या कर्जमाफीनेही असंतोष शमला नाही आणि १३३३ साली कामाकुराची सत्ता कोसळली. निष्ठेलाही न्यायाचा आधार लागतो, हेच खरे.