पुढचा लॅपटॉप : रॅम वाढविता येईल का?

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, तेव्हापासून नवा लॅपटॉप आताच घ्यावा की पुढच्या पिढीची वाट पाहावी, हा प्रश्न अनेक घरांत आहे. जाहिरातींचा भर 'एनपीयू'वर, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते करणाऱ्या प्रोसेसरमधील स्वतंत्र विभागावर आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये 'कोपायलट प्लस' लॅपटॉपसाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया आणि किमान १६ जीबी रॅम अशी अट घातली. पहिला आकडा वाढतच जाईल. अडचण दुसऱ्याची आहे.

जाडी आणि वीज वाचविण्यासाठी अनेक लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. इंटेलने २०२४ च्या 'लूनार लेक'मध्ये ती थेट प्रोसेसरच्या संचात बसविली. आज घेतलेली १६ जीबी मग अखेरपर्यंत तेवढीच. पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा लॅपटॉप पुढे तेरसारख्या गावी धाकट्या भावंडाकडे जातो. रॅम वाढविता आली, तरच त्याला दुसरे आयुष्य मिळते.

यावर उतारा म्हणजे स्क्रूने बसणारे 'एलपीकॅम-२' मॉड्यूल. लेनोवोने २०२४ मध्ये एका थिंकपॅडमध्ये ते वापरले. स्वस्त लॅपटॉपांत ते इतक्यात येईल असे वाटत नाही. चिप उत्पादकांचा ओढा एआय डेटा सेंटरकडे असल्याने २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले; मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा 'क्रूशल' व्यवसाय आवरता घेण्याचे जाहीर केले. तूर्त, खरेदीपूर्वी तपशीलपत्रात रॅमपुढे 'ऑनबोर्ड' लिहिले आहे की 'स्लॉट', एवढे अवश्य पाहावे.