शंभरात एकही नाही

काल स्तनतपासणीच्या शिबिरात एक काकू म्हणाल्या, "दुखत नाही गं, मग कशाला दाखवू?" अहो काकू, सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही!

मी नर्स, त्यामुळे हे आकडे डोक्यात बसलेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल, एनएफएचएस-५ (२०१९-२१), सांगतो: ३० ते ४९ वयाच्या बायकांत स्तनतपासणी कधीतरी झालेल्या देशभरात ०.९ टक्के. तमिळनाडूत ५.६. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरबरोबर हेही बघतात.

तपासायला मशीनच हवं असं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित कार्यकर्ती दर दोन वर्षांनी हाताने तपासायची. पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

तपासायचं कसं? बोटांच्या पेरांनी, गोल गोल, थेट काखेपर्यंत. बस्स.

काकू शेवटी पडद्याआड आल्या. उद्या जाऊबाईंना आणणार आहेत.

काही विचारायचंय? कमेंटमध्ये विचारा, लाजू नका.