जुन्या जीपगाडीस नवा गिअरबॉक्स बसविताना क्लचच्या भागांची जुळणी

खानदेशात काही शेतकऱ्यांच्या दारी अद्यापि जुनी जीपगाडी उभी दिसते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा शिरपूर-साक्रीच्या डोंगराळ भागात ती खते, बियाणे, पंपाचे सामान व माणसे वाहण्याच्या कामी येते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईस विलीज जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेस प्रारंभ झाला व विकास गटाची जीप खेडोपाडी ओळखीची झाली. त्या घडणीच्या ज्या गाड्या आज चालत आहेत, त्यांची मूळ तीन वेगांची गिअरपेटी बहुधा झिजलेली असते. तिचा पहिला गिअर सिंक्रोमेशचा नसल्यामुळे गाडी पूर्ण उभी केल्याखेरीज तो सहज पडत नाही. यास्तव अलीकडील जीपचा चार अथवा पाच वेगांचा गिअरबॉक्स जुन्या इंजिनास जोडण्याकडे मालकांचा कल असतो.

हा बदल उपयुक्त आहे. परंतु गिअरबॉक्स विकत घेताना त्याची किंमत व स्थिती पाहिली जाते आणि क्लचचा विचार मागाहून होतो. परिणामी सर्व बोल्ट बसतात, गाडी चालूही होते, पण गिअर पडताना खरखर होते किंवा भरलेली गाडी चढावर घसरू लागते. मग गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो व मजुरी दुप्पट होते. खर्चापेक्षाही मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना क्लच घसरला तर गाडी मध्येच थांबून मागे येऊ शकते. उतारावर इंजिनाची जी अटक मिळते तीदेखील क्लचमधूनच चाकांपर्यंत जाते. घसरणारा क्लच असेल तर सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो.

कोणता भाग कशाशी जुळवावा

क्लच हा इंजिन व गिअरबॉक्स यांमधील दुवा होय. त्याच्या काही भागांचे नाते इंजिनाशी असते, काहींचे गिअरबॉक्सशी, आणि काहींना दोन्हीकडे जुळावे लागते. एवढी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे निम्मे काम झाले.

१. फ्लायव्हील व प्रेशर प्लेट : हे दोन्ही भाग इंजिनाच्या बाजूचे. प्रेशर प्लेटच्या बोल्टांची छिद्रे फ्लायव्हीलवरील छिद्रांशी तंतोतंत जुळली पाहिजेत.

२. क्लच प्लेट : हिच्या बाहेरील व्यासाने फ्लायव्हील व प्रेशर प्लेट यांच्याशी जुळावे, मधल्या हबच्या स्प्लाइनने गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टशी जुळावे. म्हणजे घेर इंजिनाचा आणि मधले दाते गिअरबॉक्सचे.

३. पायलट बुश : हे क्रँकशाफ्टच्या टोकाच्या छिद्रात बसते. त्याचा बाहेरील व्यास क्रँकशाफ्टप्रमाणे व आतील व्यास इनपुट शाफ्टच्या टोकाप्रमाणे असावा. तयार बुश न मिळाल्यास योग्य काशाचे बुश लेथवर करून घेता येते.

४. रिलीज बेअरिंग : हे गिअरबॉक्सच्या पुढील नळीवर सरकते व प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबते. म्हणून त्याचे छिद्र नळीशी आणि तोंड बोटांशी जुळावे.

५. क्लच फोर्क व बेल हाउसिंग : फोर्कचा टेकू व लांबी बेल हाउसिंगप्रमाणे ठरते. दोन निरनिराळ्या गाड्यांचे फोर्क सारखे दिसले तरी त्यांची हालचाल सारखी असेलच असे नाही.

खरेदीपूर्वी घ्यावयाची मापे

इनपुट शाफ्टचे दाते मोजावे आणि त्यांचा बाहेरील व्यास व्हर्निअरने पाहावा. केवळ दात्यांची संख्या सारखी असून भागत नाही. संख्या तीच असूनही व्यास वेगळा असू शकतो. जुन्या गाडीची मापे इंचात व नव्या भागांची मिलिमीटरमध्ये असल्यास किंचित फरक नजरेस येत नाही. क्लच प्लेट शाफ्टवर हाताने घालून पाहावी. ती न अडखळता पुढे-मागे सरकावी, पण शाफ्टवर डुलू नये. प्लेट अडत असेल तर कानस लावून ती बसविण्याचा मोह टाळावा.

त्यानंतर बेल हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. जोडपट्टी अर्थात अडॅप्टर प्लेट घातली असेल तर तिच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागे जातो. मग शाफ्टचे टोक पायलट बुशात पुरेसे शिरत नाही. याउलट शाफ्ट लांब असल्यास त्याचे टोक क्रँकशाफ्टवर आपटते. बोल्ट आवळताना गिअरबॉक्स ओढला जात असेल तर तेथेच थांबावे. गिअरबॉक्स हाताने सरकून बसला पाहिजे. बोल्टाच्या जोरावर ओढून बसविल्यास बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा हब वाकतो.

क्लच किती भार पेलतो

क्लचची शक्ती चार गोष्टींवर अवलंबून असते : प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगचे घर्षण, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. एका प्लेटच्या क्लचला असे दोन पृष्ठभाग असतात. उदाहरणार्थ, दाब ४०० किलोग्रॅम, घर्षणाचा गुणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर, म्हणजे ०.०९ मीटर, धरली तर ४०० × ०.३ × ०.०९ × २ = २१.६ किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ क्लच पेलतो. जुन्या सी. जे. ३बी जीपच्या पेट्रोल इंजिनाचा कमाल पीळ सुमारे १५.८ किलोग्रॅम-मीटर आहे. अर्थात सुमारे एक तृतीयांश राखीव शक्ती उरते व ती आवश्यक असते.

आता त्याच प्लेटवर तेल लागले व गुणांक ०.१ वर आला असे समजा. क्लचची शक्ती ७.२ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या निम्म्याहूनही कमी होईल. म्हणून नवा क्लच बसविण्यापूर्वी इंजिनाचे मागील व गिअरबॉक्सचे पुढील तेलसील बदलणे हा अनावश्यक खर्च नव्हे. जुन्या पेट्रोल इंजिनाऐवजी डिझेल इंजिनही बसविले असेल, तर क्लचचा हिशेब त्या इंजिनाच्या पिळाप्रमाणे नव्याने करावा.

मध्यरेषा व पॅडलची हालचाल

क्रँकशाफ्ट व इनपुट शाफ्ट एकाच रेषेत असले पाहिजेत. घरगुती जोडपट्टीत छिद्रे किंचित बाजूला पडली तर आरंभी काहीच कळत नाही. परंतु पायलट बुश लवकर झिजते, प्लेटचा हब तडकतो व चालत्या गाडीत गिअर सुटू लागतो. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून बेल हाउसिंगचे छिद्र तपासून घ्यावे. मध्यरेषांमधील फरक सुमारे ०.१३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा. हे काम जोडपट्टी करणाऱ्या लेथवाल्याकडून आधीच ठरवून घ्यावे.

जुन्या क्लचमध्ये रिलीज बेअरिंग व बोटे यांत सुमारे २ मिलिमीटर मोकळीक ठेवतात. लायनिंग झिजते तशी बोटे बेअरिंगकडे येतात व मोकळीक कमी होते. ती संपली की बेअरिंग बोटांवर टेकून राहते आणि क्लच घसरू लागतो. नव्या गिअरबॉक्ससोबत हायड्रॉलिक यंत्रणा व सदैव टेकून राहणारे बेअरिंग असल्यास हा नियम लागू नाही. तेथे मास्टर व स्लेव्ह सिलिंडरांच्या व्यासाकडे पाहावे. स्लेव्हचा व्यास मोठा असेल तर पॅडल हलके होते, पण बेअरिंगची हालचाल घटते व क्लच पूर्ण सुटत नाही.

जोडणी व चाचणी

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा भेगा असल्यास ते लेथवर साफ करून घ्यावे. फ्लायव्हील पायरीचे असेल तर पायरीची मूळ उंची कायम ठेवावी. क्लच प्लेटची फ्लायव्हीलकडील बाजू पाहून घ्यावी. उलटी प्लेट बसल्यास हब फ्लायव्हीलच्या बोल्टांस घासतो. जुन्या इनपुट शाफ्टचा किंवा लाकडाचा दांडा घालून प्लेट मध्यावर आणावी व प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. स्प्लाइनवर ग्रीसचा केवळ पातळ लेप द्यावा. गिअरबॉक्सचे वजन क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नये. खाली जॅकचा आधार ठेवावा.

जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

चाचणी प्रथम सपाट जागेवर करावी. इंजिन चालू ठेवून पॅडल पूर्ण दाबावे, काही क्षण थांबावे व रिव्हर्स गिअर टाकावा. खरखर झाल्यास क्लच सुटत नाही असे समजावे. मग पुढे मोकळी जागा पाहून, हँडब्रेक घट्ट ओढून वरच्या गिअरमध्ये पॅडल हळूहळू सोडावे. इंजिन बंद पडले तर क्लच पकडतो. इंजिन फिरतच राहिले तर तो घसरतो. ही चाचणी वारंवार करू नये. त्यानंतर पहिले ५०० किलोमीटर गाडी हलक्या भाराने चालवावी. केळीचा किंवा खताचा पूर्ण भार घेऊन घाट चढण्याची घाई करू नये.

कायद्याची बाब

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. इंजिन क्रमांक व इंधन या नोंदणीतील बाबी आहेत. त्यांवर परिणाम होणार असेल तर जळगाव अथवा धुळे येथील परिवहन कार्यालयाची परवानगी काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी.

ग्रामसेवक व कृषि सहायक यांनी अशा कामाचा सल्ला देताना शेतकऱ्यास एक कागद करावयास सांगावा. त्यावर स्प्लाइनचे दाते व व्यास, प्लेटचा घेर, शाफ्टच्या टोकाचा व्यास, शाफ्टची लांबी आणि बेअरिंगच्या नळीचा व्यास ही मापे लिहावी व तो कागद घेऊनच सुट्या भागांच्या दुकानी जावे. सर्व भाग हाती आल्यावर, जुना गिअरबॉक्स उतरविण्यापूर्वी, ते एकमेकांवर बसवून पाहावे. अर्ध्या दिवसाच्या या कामामुळे ऐन हंगामात गाडी गॅरेजमध्ये अडकून पडत नाही आणि घाटात ती आपल्या माणसांसह बिनधोक चढते व उतरते.