तेलाचा ताप!

कॅम्पर व्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? समुद्रकिनारा, गिटार, मागचं उघडं दार आणि हातात कॉफीचा मग. एकदम सही! आता हीच व्हॅन मे महिन्यात, भर दुपारी दोनला, कामठीत आणून उभी करा. गिटार राहते बाजूला. डोळे खिळतात ते फक्त डॅशबोर्डवरच्या एका छोट्या काट्यावर.

काट्यांचं म्हणाल तर आम्ही नागपूरकर जरा अनुभवी आहोत. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश सेल्सिअस दाखवलं होतं. देशभर ब्रेकिंग न्यूज! नंतर हवामान खात्याने खुलासा केला, सेन्सर बिघडला होता. मीटर जे दाखवतं ते आधी तपासायचं, हा धडा इथे फुकटात मिळतो.

मला भेटलेली व्हॅन होती फोक्सवॅगन टी-३. युरोपात १९७९ ते १९९२ या काळात बनलेलं हे मॉडेल कॅम्परवाल्यांचं लाडकं. कामठीतल्या एका गॅरेजसमोर ती उभी होती आणि तिचं मालक जोडपं झाडाखाली ताक पीत होतं. दोघंही जर्मन, तिशीतले, तुमच्या-माझ्यासारखेच ऑफिसवाले. फरक एवढाच, की त्यांनी भाड्याचं घर सोडलंय. आता ही व्हॅनच त्यांचं घर. बेत होता जबलपूरमार्गे नेपाळचा. इंजिन गेलं तर प्रवासही गेला आणि घरही!

गंमत म्हणजे इंजिन फोक्सवॅगनचं नव्हतंच. होतं सुबारूचं, २.२ लिटर पेट्रोल. टी-३ वाल्यांमध्ये हे स्वॅप अगदी कॉमन. कारण सोपं आहे. या गाडीचं इंजिन मागे, बिछान्याच्या फळीखाली असतं आणि तिथे उंची फारच कमी. सुबारूचं इंजिनही मूळच्यासारखंच आडवं, दोन-दोन सिलिंडर समोरासमोर झोपलेले. त्यामुळे ते तिथे मावतं आणि ताकदही जास्त देतं. अडचण येते ती खाली. सुबारूचा चेंबर, म्हणजे तेलाची टाकी, खोल असतो. तो स्पीडब्रेकरला घासू नये म्हणून कापून उथळ करतात. तो रुंद करून भरपाई केली नाही, तर तेल कमी मावतं. थोडं तेल, सामानाने लादलेली जड गाडी आणि मागे कोंडलेलं इंजिन, जिथे समोरचा वारा धड पोचतच नाही. वर विदर्भाचा मे!

म्हणूनच त्यांनी तेलाच्या तापमानाचा वेगळा काटा बसवला होता. कामठीत शिरताना त्यावर आकडा होता १२६. आणि नेहमीचा पाण्याचा काटा? मधोमध, निवांत.

"ताई, पाण्याचा काटा खोटं नाही बोलत, पण उशिरा बोलते," मिस्त्रीकाका म्हणाले. मुद्दा लाखमोलाचा आहे. पाण्याला थर्मोस्टॅट आणि पंखा सांभाळतात. तेलाला असा राखणदार प्रत्येक गाडीत नसतोच. साधारण ९० ते ११० अंश ही तेलाची सुखाची जागा. फार कमीही नको, नाहीतर तेलात शिरलेली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. १२० च्या वर चांगलं सिंथेटिक तेल थोडा वेळ तग धरतं, पण रोज-रोज १३० झालं तर त्याचं आयुष्य भराभर घटतं.

काकांनी आधी काय केलं असेल? सेन्सर काढला, वायर जोडून ठेवली आणि तो चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवला. काट्यावर १०४! म्हणजे चारेक अंश जास्त दाखवत होता. १२६ चे झाले १२१-१२२. सेन्सर निर्दोष सुटला, गरमी मात्र खरी निघाली.

मग वाद रंगला तेलावर. गाडीत होतं युरोपातून निघताना भरलेलं ५डब्ल्यू-३०. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टसाठी असतो. इथे पारा तीन-चार अंशांवर आला तरी पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, त्यामुळे ५ चं कौतुक आपल्याला नाही. कामाचा आहे नंतरचा आकडा, म्हणजे तापल्यावर तेल किती घट्ट राहतं तो. १२० अंशांना ५० ग्रेडचं तेल साधारण तितकंच पातळ होतं, जितकं ३० ग्रेडचं १०० अंशांना असतं. सगळा फंडा एवढाच! सुबारूच्या जुन्या पुस्तकातही फार उष्ण भागासाठी २०डब्ल्यू-५० चालत असे. आणि स्वॅपनंतर ऐकायचं ते इंजिनाच्या पुस्तकाचं, गाडीच्या नाही.

जर्मन साहेब खूश. "म्हणजे आता टेम्परेचर उतरेल?"

"नाही," काका थंडपणे म्हणाले. "तेल घट्ट टाकलं म्हून इंजिन थंड नाही होत. फक्त मरत नाही."

अगदी बरोबर. घट्ट तेल घासलं जाताना उलट किंचित जास्तच तापतं. तापमान उतरवायला हवा ऑइल कूलर, तोही थर्मोस्टॅटवाला. तो कामठीत एका दिवसात मिळणार नव्हता. मग तह झाला. नवं २०डब्ल्यू-५०, नवा फिल्टर, पहाटे चारला निघायचं, सत्तरच्या वर जायचं नाही आणि कुरईचा घाट खालच्या गिअरमध्ये चढायचा. रिकामे डबे काकांनी तिथेच पेचकसाने भोसकले. त्यात कुणी बनावट तेल भरून विकू नये म्हणून! दुसऱ्या दिवशी सिवनीहून मेसेज आला. घाटमाथ्यावर ११४, चुकीचे चार धरून.

हे वाचून तुमच्या ओम्नीत मोठं इंजिन बसवायचा किडा वळवळत असेल, तर थोडं थांबा. ती गाडी परदेशी नंबरची होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतली माहिती जुळणार नाही असा बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलंय. त्यामुळे गॅरेज गाठण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा. तेलाच्या तापमानाचा काटा मात्र मूळ इंजिनालाही बसवता येतो. फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक चकती येते, सेन्सर तिच्यात जातो. बसवण्याआधी तो उकळत्या पाण्यात बुडवून घ्या.