हळद, गोंदण आणि फोटोशॉप

हळदीच्या फोटोवर ‘ऑटो कलर’ चालवलं की नवरीच्या गालावरची हळद उतरते. फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत, २००२ साली, ही सोय आली. फोटोतल्या मधल्या उजेडाच्या छटा राखाडीच्या जवळपास असाव्यात, असं ती धरून चालते. पिवळा भारी पडला की तो दिव्याचा दोष समजून ती निळ्याची भर घालते आणि नवरी आजारी दिसू लागते. यवतमाळ जिल्ह्यात रोलचा कॅमेरा बाजूला ठेवून डिजिटलकडे वळलेल्या स्टुडिओवाल्यांपुढे अशा अडचणी होत्या. यावरचा उपाय ‘कर्व्ह्ज’ या टूलमध्ये होता. मांडवातली एखादी पांढरी टोपी किंवा मागची चुन्याची भिंत शोधायची, तिथे तिन्ही रंगांचा तोल साधायचा आणि हळदीला हात लावायचा नाही.

‘हिलिंग ब्रश’ही त्याच आवृत्तीतला. शेजारच्या कातडीचा पोत उचलायचा, डागावर बसवायचा आणि तिथल्या रंग-उजेडात मिसळून टाकायचा, हे त्याचं काम. त्याने मुरूम जातो, ओरखडा जातो. पण कोलाम किंवा गोंड आजीच्या कपाळावरचं गोंदणही त्याच्या लेखी डागच. केळापूर, झरी जामणी, मारेगावकडच्या आजीचा चेहरा हौसेने ‘साफ’ केला, की तिच्या समाजाची, तिच्या वयाची खूणच निघून जाते. डिजिटल एडिटिंग शिकणं म्हणजे टूल्स पाठ करणं, असा समज आहे. मला तो मान्य नाही. टूल महिन्याभरात हाती बसतं; काय पुसायचं नाही, हे कळायला माणसं ओळखावी लागतात.

या स्टुडिओवाल्यांचा हात मात्र कोरा नव्हता. फोटोशॉपच्या कितीतरी आधी तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवत असे. चेहऱ्यावरचा वण प्रिंटमध्ये काळा येतो, कारण निगेटिव्हवर ती जागा पातळ असते. तिथे शिशाचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये वण उजळतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, पण देवीचे वण असलेले चेहरे त्यानंतरही कित्येक वर्षं स्टुडिओत येत राहिले. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या तळहातावर उभा नवरदेव हा मास्कचा खेळ होता. भिंगापुढे कापलेलं काळं कार्ड धरायचं, अर्धी फ्रेम झाकायची, रोल पुढे न सरकवता दुसऱ्यांदा बटण दाबायचं. मराठी माणसाचं या युक्त्यांशी नातं जुनंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी गोध्र्यात फोटोचा धंदा केला होता आणि १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून पडद्यावर आणली होती. मास्क ज्याला कळला होता, त्याला ‘लेअर’, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, समजायला वेळ लागला नसणार.

ते लेअर फोटोशॉपमध्ये १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आले. थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन भावांनी सुरू केलेला हा प्रोग्रॅम अॅडोबीने १९९० साली बाजारात आणला होता. सातव्या आवृत्तीची किंमत होती ६०९ डॉलर, तेव्हाच्या दराने तीस हजार रुपयांच्या घरात. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी पोचली ती नकली सीडीवरून, हे लपवण्यात अर्थ नाही. सोबत ना पुस्तिका, ना शिक्षक. मेनू इंग्रजीत. शिकायचं ते एकेक कमांड दाबून, किंवा लॅबमधल्या ऑपरेटरच्या खांद्यावरून बघून. नावं टाकायला श्रीलिपीसारखे फॉन्ट लागत, कारण या आवृत्तीला युनिकोडची जोडाक्षरं नीट जुळवता येत नसत.

अल्बमचं गणित तर फारच कठीण होतं. करिझ्मा अल्बमचं बारा बाय छत्तीस इंचाचं पान ३०० डीपीआयला उघडलं, की ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, म्हणजे एकाच लेअरला सुमारे ११७ एमबी. सॉफ्टवेअरची किमान मागणी १२८ एमबी रॅमची. त्यात २००५ नंतरची दोन-तीन वर्षं विदर्भाच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन. सेव्ह होता होता वीज गेली की रात्रीचं काम पुन्हा पहिल्यापासून. २००३ साली आलेल्या कॅनन ३००डीचा फोटो ३०७२ पिक्सेल रुंद. तो छत्तीस इंचांवर ताणला तर इंचाला जेमतेम ८५ पिक्सेल उरतात. त्या अल्बममधली फुलं, महाल, धबधबे यांना आज नाकं मुरडली जातात. माझ्या मते त्यामागे हौस होतीच, पण पिक्सेलची टंचाईही होती. छोटा फोटो मोठ्या पानावर मांडायचा तर भोवती काहीतरी भरावंच लागणार.

कापसाच्या जिल्ह्यात पांढऱ्याचाही प्रश्न होता. जेपेगमध्ये उजेड शून्य ते २५५ एवढ्याच पायऱ्यांत मावतो. जिनिंगच्या आवारातली गंजी एकदा २५५ ला टेकली की तिथला तपशील कुठल्याही टूलने परत येत नाही. म्हणून फोटो थोडा काळाच काढायचा आणि हमालांचे चेहरे नंतर उजळायचे. फोटोत चेहऱ्यावर दाणे, म्हणजे ‘नॉइज’, आले तर ते सोसायचे.

पण या कलेची खरी कसोटी फ्रेमेच्या फोटोत होती. १ जुलै २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात यवतमाळ होता. या आत्महत्यांच्या बातम्यांसोबत हार घातलेली फ्रेम धरून बसलेल्या बायका त्या काळात देशाने पाहिल्या. त्या फ्रेमेतला फोटो कसा व्हायचा ते सांगायला हवं. घरात माणसाचा वेगळा फोटो नसायचाच. असायचं ते मतदार ओळखपत्र, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेतला नखाएवढा चेहरा. तो स्कॅन करायचा, पेन टूलने कडा कापायची, खांद्यावरचा दुसऱ्याचा हात काढायचा, शर्ट उसना घ्यायचा, मागे आभाळ टाकायचं. मान आणि कॉलर जिथे भेटतात तिथे फसवणूक उघडी पडते. उजेड एकाच बाजूने यावा लागतो आणि गुळगुळीत शर्टावर मुद्दाम ‘नॉइज’ घालून त्याला चेहऱ्याच्या दाण्यांच्या जवळ आणावं लागतं. स्कॅनमध्ये नसलेले डोळे काढता येत नाहीत. ते रंगवले की दुसराच माणूस तयार होतो आणि घरच्यांना ते लगेच कळतं. ज्या नवरा-बायकोने कधी जोडीने फोटो काढलाच नाही, त्यांना शेजारी बसवण्याचं कामही याच टेबलावर होई. याला मी खोटेपणा म्हणणार नाही. ज्यांच्या वाट्याला आयुष्यभरात एखादाच फोटो आला, त्यांच्यासाठी एवढी मेहनत कुणीतरी घेतली.

या कामाचं दफ्तर आता धोक्यात आहे. पेन्सिल फिरवलेली कृष्णधवल निगेटिव्ह कोरड्या डब्यात शंभर वर्षं टिकू शकते. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेने आणि उजेडाने खराब होतो, आणि आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. जागा वाचवायला लेअर असलेली पीएसडी फाइल पुसून फक्त जेपेग ठेवण्याची सवयही होतीच. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी, वाचनालयांनी जुन्या स्टुडिओवाल्यांकडे जाऊन या सीडी उतरवून घ्याव्यात. घरच्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन. आधी मूळ स्कॅन घ्यावा, सुधारलेला फोटो नंतर. आणि फाइलच्या नावात गाव आणि साल घालावं.