विकहॅम गोड का वाटतो?

इंग्लंडमध्ये शाळेत जाणारी मुलं घरात असतील, तर जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कधी ना कधी तुमच्या घरी येणारच. "यात नुसती लग्नं जुळवणं चाललंय," अशी तक्रारही कानावर येईल. तेव्हा हा मुद्दा काढून बघा.

ऑस्टिननं ही कादंबरी १७९६-९७ मध्ये, वयाच्या विशीत लिहिली. तेव्हा तिचं नाव होतं 'फर्स्ट इम्प्रेशन्स', म्हणजे प्रथमदर्शनी झालेलं मत. वडिलांनी एका प्रकाशकाला विचारलं, त्यानं हस्तलिखित न बघताच नकार दिला. नव्या नावानं ती आली १८१३ मध्ये. पण कथेची किल्ली जुन्या नावातच आहे.

पहिला प्रसंग मेरिटन गावातल्या नाचाचा. डार्सी आत येतो आणि त्याचं वर्षाचं दहा हजार पौंडांचं उत्पन्न पाच मिनिटांत सभागृहभर होतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलाचा पगार जसा स्वयंपाकघरापर्यंत पोचतो, तसंच. अर्धी संध्याकाळ सगळे त्याच्यावर खूश. मग तो कुणाशी धड बोलत नाही, एलिझाबेथबरोबर नाचायला नकार देतो आणि ती काही फारशी सुंदर नाही, हे तिला ऐकू जाईल असं मित्राला सांगतो. ती हसून हा किस्सा मैत्रिणींना सांगते, पण घाव लागलेला असतो.

एक लक्षात घ्या, इथे तिचं काही चुकत नाही. डार्सी त्या रात्री खरोखरच उद्धटपणे वागलेला आहे. गडबड होते ती विकहॅम आल्यावर.

विकहॅम देखणा, हसतमुख, बोलायला लाघवी. ओळख होऊन जेमतेम एक दिवस झालेला, तोच मावशीच्या घरी तो एलिझाबेथला डार्सीनं आपल्यावर केलेल्या अन्यायाची सगळी कहाणी सांगतो. त्याच दमात म्हणतो, की डार्सीच्या दिवंगत वडिलांचा मान राखून मी त्याची बदनामी करणार नाही. म्हणजे बदनामी न करण्याचं वचन बदनामी करता करताच! शिवाय मी त्याला टाळणार नाही म्हणतो, आणि नेदरफील्डच्या नाचाला येतच नाही. ऑस्टिन काहीच लपवत नाही. सगळे धागे आपल्या डोळ्यांसमोर असतात, तरी पहिल्या वाचनात आपणही फसतो, कारण डार्सीबद्दलचं आपलं मतही आधीच ठरलेलं असतं.

एलिझाबेथला माणसं कळत नाहीत, असं मात्र नाही. मिस्टर कॉलिन्सचं नुसतं पत्र ऐकून तिला शंका येते, की हा गृहस्थ जरा कमी अकलेचा असावा. शेवटपर्यंत तो तसाच निघतो. लेडी कॅथरीनलाही ती पहिल्या भेटीत ओळखते. माझ्या मते तिची नजर चुकते ती फक्त जिथे तिचा मान दुखावला किंवा सुखावला गेला तिथे. एकानं नाकारलं, दुसऱ्यानं मन मोकळं केलं, आणि निकाल लागला.

पुढे डार्सीचं लांबलचक पत्र येतं. ते पुन्हा पुन्हा वाचताना तिला जाणवतं, की अनोळखी मुलीला पहिल्याच संध्याकाळी असलं काही सांगणंच मुळात अशोभनीय होतं. विकहॅमचं खरं रूप ती जेनला सांगते, पण दोघी मिळून ते गावात उघड न करायचं ठरवतात. गावाच्या लेखी विकहॅम चांगलाच राहतो, आणि सगळ्यात धाकटी, अजाण लिडिया त्याच्याबरोबर पळून जाते. पाचही बहिणींची अब्रू पणाला लागते.

विकहॅमची कहाणी पहिल्यांदा ऐकली तेव्हाच, यात काहीतरी गैरसमज असेल, दोघांनाही वाईट ठरवायला नको, असं म्हणणारी एक व्यक्ती त्या घरात होती. थोरली जेन. एलिझाबेथनं ते तिचा भोळेपणा म्हणून थट्टेवारी नेलं होतं.