मातीवर लिहिलेलं ‘का’

*गुणी खेळाडू नाखूश दिसला की प्रेक्षकांचं डोकं फिरतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरानं साठच्या दशकात डिक ॲलन या बेसबॉलपटूची अशी हुर्यो उडवली की त्याला मैदानात हेल्मेट घालून उभं राहावं लागलं. तो प्रेक्षकांवर रुसला होता की त्याला काही सांगायचं होतं?*

१९६९चा मोसम. फिलाडेल्फियाचं जुनं कॉनी मॅक स्टेडियम. फर्स्ट बेसपाशी क्षेत्ररक्षणाला उभा असलेला भरदार खांद्यांचा खेळाडू दोन चेंडूंच्या मधल्या वेळात खाली बघतोय आणि बुटाच्या टोकानं मातीवर अक्षरं काढतोय. तिकडे हुर्यो उडवताना ‘बू’ असा आवाज काढतात. त्यानं तोच शब्द मातीवर लिहून ठेवला. नंतर एक तारीख लिहिली, ‘२ ऑक्टोबर’. मोसम त्या दिवशी संपणार होता. कैद्यानं भिंतीवर दिवस मोजावेत तसा तो मोजत होता.

बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांनी हा प्रकार थांबवायला सांगितलं. त्याचं उत्तरही मातीवरच आलं. आधी ‘नाही’ आणि मग ‘का?’.

त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. बेसबॉलमध्ये हेल्मेट घालतात ते बॅटिंग करताना, क्षेत्ररक्षणाला जवळजवळ सगळे साध्या टोपीत असतात. पण डिक ॲलनवर त्याच्याच शहराच्या प्रेक्षकांतून फळं, बर्फाचे खडे, कचरा आणि टॉर्चमधले सेलसुद्धा येत. म्हणून तो हेल्मेट काढतच नसे. त्या ‘क्रॅश हेल्मेट’वरून त्याला ‘क्रॅश’ हे टोपणनाव पडलं. ते ऐकायला रुबाबदार वाटतं, पण त्याचं मूळ हे असं आहे.

प्रेक्षकांची बाजू

आधी प्रेक्षकांची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण त्यांचा राग काही हवेतून आलेला नव्हता.

ॲलन १९६४ साली फिलाडेल्फिया फिलीज संघाकडून पहिला पूर्ण मोसम खेळला. सरासरी .३१८, २९ होमरन, २०१ हिट आणि लीगमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे १२५ धावा. बेसबॉलमध्ये .३००च्या वर सरासरी राखणारा फलंदाज उत्तम समजला जातो. त्याची बॅट ४० औंसांहून जड, म्हणजे जवळजवळ १.२ किलोची. इतर खेळाडूंच्या बॅटी तेव्हा साधारण एक किलोच्या आतल्या असत. त्या बॅटनं मारलेले चेंडू स्टेडियमच्या छपरावरच्या कोका-कोलाच्या जाहिरातीपलीकडे जात. त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम नवोदित म्हणून त्याचीच निवड झाली.

आणि त्याच वर्षी शहराचा घास तोंडाशी येऊन पडला. फिलीजनं १९५०नंतर लीग जिंकली नव्हती. सप्टेंबरमध्ये १२ सामने उरले असताना संघ साडेसहा सामन्यांनी पुढे होता आणि वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अंतिम लढतीची, तिकिटंही छापून तयार होती. तिथून संघ ओळीनं १० सामने हरला आणि अवघ्या एका सामन्यानं विजेतेपद हुकलं. त्या पडझडीत ॲलनची बॅट चालत होती. पण थर्ड बेसवर, जी जागा त्याला नवीन होती, मोसमभरात त्याच्या हातून ४१ चुका झाल्या होत्या. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या चुका.

पुढे तो उशिरा यायला लागला, सराव चुकवायला लागला, दारूही वाढली. २४ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये लागोपाठ दोन सामने होते आणि हा न्यू जर्सीत घोड्यांच्या शर्यतीला गेला होता. सामन्याला पोचलाच नाही. निलंबन झालं आणि मग तो तब्बल २६ सामने संघाबाहेर राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅनेजर बॉब स्किनर यांनी राजीनामा दिला. ॲलनला शिस्त लावताना व्यवस्थापन पाठीशी उभं राहत नाही, ही त्यांची तक्रार होती.

कारखान्यात आठवडाभर राबून रविवारी मुलाचा हात धरून सामन्याला आलेल्या माणसानं काय म्हणावं? ‘देवानं एवढं दिलंय, पैसा आहे, नाव आहे, आणि याचं तोंड सदा वाकडं!’ हा राग मी खोटा मानत नाही. खेळाडूत प्रेक्षकाचा जीव अडकलेला असतो. जिथे जीव अडकतो तिथेच माणूस असा चिडतो.

पण त्या माणसाला दिसत होतं ते वागणं. वागण्यामागचं काही त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. काही गोष्टी तर त्याच्यापर्यंत पोचू नयेत अशी व्यवस्थाच झाली होती.

लिटल रॉक, १९६३

ॲलन पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या वॉम्पम नावाच्या छोट्या गावचा. नऊ भावंडं. आई एरा हिनं सगळ्यांना वाढवलं. तीन भाऊ मेजर लीगपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीपर्यंत पोचले. अशा घरातल्या २१ वर्षांच्या मुलाला फिलीजनं १९६३ साली तयारीसाठी आर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉकच्या संघात धाडलं. त्या संघात त्याआधी एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता.

हे तेच लिटल रॉक, जिथे १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना सेंट्रल हायस्कूलमध्ये शिरू द्यायचं नाही म्हणून गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डचे सैनिक उभे केले होते. ॲलनच्या पहिल्या सामन्यात पहिला चेंडू टाकण्याचा मान याच फॉबस यांना दिला गेला. स्टेडियमबाहेर लोक निषेधाचे फलक घेऊन उभे होते. आपल्याला कुठे पाठवलं जातंय, याची कल्पना क्लबनं त्याला दिलीच नव्हती. त्याच्याकडे आलेल्या पहिल्याच उंच चेंडूचा त्याचा अंदाज चुकला. सामना संपवून तो गाडीपाशी आला तर काचेवर चिठ्ठी होती. शिवी घालून लिहिलं होतं, इथे पुन्हा दिसू नकोस.

तो पुन्हा दिसला. सगळा मोसम खेळला आणि ३३ होमरन मारून वर, मेजर लीगमध्ये गेला.

फिलाडेल्फियातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. नॅशनल लीगमधल्या संघांपैकी कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सर्वांत शेवटचा संघ फिलीजच होता. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूनं मेजर लीगमधली वर्णाची भिंत पाडल्यावर दहा वर्षांनी, १९५७ साली, त्यांना हे सुचलं. १९४७ साली रॉबिन्सनला अत्यंत गलिच्छ शिवीगाळ करणारा मॅनेजर बेन चॅपमन हाही फिलीजचाच. ॲलनच्या पहिल्याच मोसमात, १९६४च्या ऑगस्टअखेरीस, शहराच्या उत्तर भागात कृष्णवर्णीय वस्ती आणि पोलीस यांच्यात तीन दिवस दंगल उसळली. कॉनी मॅक स्टेडियम त्याच भागात होतं. वस्तीत ॲलन लाडका होता. सामन्याला बाहेरून येणारे अनेक गोरे प्रेक्षक मात्र धास्तावलेले आणि चिडलेले होते. त्या गर्दीपुढे रोज उभा राहणारा सर्वांत ठळक कृष्णवर्णीय चेहरा होता ॲलनचा.

तोंड बंद आणि दारही बंद

३ जुलै १९६५ या दिवशी सगळं फिसकटलं. सामन्यापूर्वीच्या सरावात गोरा सहकारी फ्रँक थॉमस आणि ॲलन यांच्यात शेरेबाजी झाली. थॉमसनं वर्णावरून टोमणा मारला, ॲलननं ठोसा लगावला आणि थॉमसनं हातातली बॅट ॲलनच्या खांद्यावर हाणली. क्लबनं त्याच दिवशी थॉमसला काढून टाकलं. मग संघातल्या खेळाडूंना ताकीद दिली की या प्रकाराबद्दल बाहेर बोलाल तर दंड होईल.

थॉमस आता संघात नव्हता, त्याला बोलायला मोकळीक होती आणि तो बोलला. ॲलन गप्प राहिला. लोकांना एवढंच कळलं की नव्या पोरामुळे एका अनुभवी खेळाडूची नोकरी गेली. कॉनी मॅक स्टेडियममध्ये खरी हुर्यो तेव्हापासून सुरू झाली. कोण चुकलं, हे ज्याला सांगता आलं असतं त्याच्याच तोंडाला कुलूप होतं.

नावाचंही तसंच. घरात, गावात तो डिक. क्लबनं आणि वर्तमानपत्रांनी त्याचं ‘रिची’ केलं. हे लहान मुलाचं नाव आहे, मला डिक म्हणा, असं तो सांगत राहिला. छापून येत राहिलं ‘रिची’ आणि वर शेरा, की नावावरूनही याचे नखरे.

मग तो सोडून का गेला नाही? या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर ॲलन कळणार नाही. त्या काळी प्रत्येक खेळाडूच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ असे. करार वर्षाचा, पण तो दरवर्षी पुढे वाढवण्याचा हक्क क्लबकडे. खेळाडूला दुसरा क्लब निवडायची मुभाच नव्हती. क्लब त्याला विकू शकत होता, बदली करू शकत होता. तो मात्र स्वतःहून कुठेही जाऊ शकत नव्हता. खेळायचं तर इथेच, नाहीतर खेळ सोडून घरी.

आपल्याला इथून जायचं आहे, हे ॲलननं लपवलं नव्हतं. पण सुटायचा मार्ग एकच होता, तो म्हणजे क्लबला आपण नकोसे होणं. उशिरा येणं, सराव बुडवणं, शर्यतीला जाणं यात बेफिकिरी होती, हे मान्य. पण जो राजीनामा देता येत नव्हता तोही त्यातच होता. मातीवरची अक्षरंसुद्धा तसलीच. बोलायची दुसरी जागाच उरली नव्हती.

ऑक्टोबर १९६९मध्ये क्लबनं अखेर त्याला सेंट लुईसला पाठवलं. मोबदल्यात जे खेळाडू येणार होते त्यांत कर्ट फ्लड होता. तोही कृष्णवर्णीय, अव्वल दर्जाचा. त्यानं फिलाडेल्फियाला जायला साफ नकार दिला आणि माणूस म्हणजे विकत घ्यायची वस्तू नव्हे, या मुद्द्यावर कोर्टात गेला. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. पण त्यानं पेटवलेला वाद विझला नाही आणि १९७५च्या डिसेंबरमध्ये लवादाच्या निकालानं ‘रिझर्व्ह क्लॉज’चा पाया उखडला. आज ठरावीक वर्षं खेळलेला बेसबॉलपटू करार संपल्यावर मोकळा होतो. त्या लढ्याची सुरुवात झाली ती ॲलनला जिथून सुटायचं होतं त्याच शहरात जायला फ्लडनं दिलेल्या नकारापासून.

तोच माणूस, दुसरं गाव

सेंट लुईस, मग लॉस एंजेलिस आणि १९७२ साली शिकागो व्हाइट सॉक्स. तिथला मॅनेजर चक टॅनर हा वॉम्पमजवळच्याच न्यू कॅसल गावचा, ॲलनच्या घरच्यांना ओळखणारा. त्यानं ॲलनला डिक म्हटलं आणि सरावाची सक्ती केली नाही. सामन्यात काय करतोस तेवढं मी बघणार, असा साधा हिशेब ठेवला.

४ जून १९७२ रोजी न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. दुसऱ्या सामन्यात टॅनरनं त्याला विश्रांती दिली होती. ॲलन ड्रेसिंग रूममध्ये निवांत चिली डॉग खात बसला होता. शेवटच्या इनिंगमध्ये संघ दोन धावांनी मागे, दोन खेळाडू बेसवर, आणि टॅनरचा निरोप आला. गडबडीत खाणं शर्टावर सांडलं. तो शर्ट बदलून ॲलन मैदानात गेला, यँकीजच्या स्पार्की लाइलला होमरन मारला आणि सामना ५-४ असा जिंकून दिला. फिलाडेल्फियात हेच ‘सामना चालू असताना आत बसून खातो’ म्हणून छापून आलं असतं. शिकागोत ती आठवण म्हणून सांगितली गेली.

त्या मोसमात त्याची सरासरी .३०८ होती. ३७ होमरन मारून तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथे सगळं गोड झालं असंही नाही. १९७४ साली लीगमध्ये सर्वाधिक होमरन नावावर असताना मोसम संपायच्या आधीच तो निघून गेला. त्याच्या मनातली जखम एवढ्यानं भरणारी नव्हती. पण मान मिळाला की हा माणूस काय करू शकतो, हे शिकागोनं बघितलं.

१९७५ साली तो फिलीजमध्ये परतला. या वेळी प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बॅट मात्र आता थकली होती. ज्या वर्षांत त्या हातात जादू होती ती वर्षं शहरानं हुर्यो उडवण्यात घालवली होती.

१९७७ साली ॲलन निवृत्त झाला. ३५१ होमरन, .२९२ सरासरी. पण ‘त्रासदायक खेळाडू’ हा शिक्का पुसला गेला नाही. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला समितीतल्या १६पैकी १२ मतं लागतात. २०१४ साली त्याला ११ मिळाली. फिलीजनं ३ सप्टेंबर २०२० रोजी त्याच्या १५ क्रमांकाची जर्सी सन्मानानं निवृत्त केली. करोनाचा काळ होता, स्टेडियमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्या गर्दीनं त्याला छळलं ती गर्दी त्याच्या सन्मानाला असूच शकली नाही. तीन महिन्यांनी, ७ डिसेंबरला, तो ७८व्या वर्षी गेला. पुढचं मतदान त्याच्या आदल्याच दिवशी ठरलं होतं, पण साथीमुळे वर्षभर लांबलं. २०२१ साली पुन्हा ११ मतं. अखेर डिसेंबर २०२४मध्ये १३ मतं पडली आणि २७ जुलै २०२५ रोजी त्याच्या वतीनं त्याची पत्नी विला हॉल ऑफ फेमच्या व्यासपीठावर उभी राहिली.

तिकीट काढलेल्या माणसाला खेळावर नाराज व्हायचा हक्क आहे, तो कुणी काढून घेऊ नये. पण नाखूश खेळाडू दिसला की त्याला माज आलाय, हे आपण फार लवकर ठरवतो. त्याच्या करारात काय लिहिलंय, त्याला काय बोलायची बंदी आहे, तो कुठल्या रस्त्यानं इथवर आलाय, हे विचारायला आपल्याला वेळ नसतो. ॲलननं ‘का?’ हा प्रश्न हजारो लोकांसमोर, भर मैदानात लिहिला होता. उत्तर यायला ५५ वर्षं लागली आणि ते ऐकायला तो उरला नव्हता.